कंपनीचा निळा शर्ट

माझ्या आत्याला कुणी भोळी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ही बाई बाजारात मेंढी विकायला उभी राहिली की व्यापारी दहादा विचार करून जवळ यायचा. मेंढीच्या पोटावरून हात फिरवून ती किती दिवसांची गाभण आहे ते सांगायची, आणि माणसाच्या तोंडाकडं बघून तो थापा मारतोय का तेही. हीच बाई पाटसच्या पुढं, हायवे सोडून आत असलेल्या एका मठात वर्षभर गुंतून पडली होती. त्यामुळं भोळी माणसं फसतात हे मला कुणी शिकवू नये. फसतं ते दुखावलेलं माणूस. आणि दुखणं काय, शहाण्यालाही येतं.

मी एसटीत कंडक्टर आहे. शिरूरहून निघायचं, न्हावऱ्यावरून चौफुल्याला, पुढं दौंड, आणि तसंच मागं. तोंड जरा फटकळ आहे. ते नसेल तर या नोकरीत लोक डोक्यावर बसतात. माझं माहेर न्हावऱ्याचं, आत्या कासुर्डीची. तिचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझा आतेभाऊ. लहानपणी सगळे मला त्याची बायको म्हणून चिडवायचे आणि मी त्यांच्या अंगावर धावून जायचे. पुढं त्यानं दुसरीशी लग्न केलं, मी दुसऱ्याशी केलं, आणि त्याच्या बायकोला मी कौतुकानं 'सवत' म्हणायला लागले. ती हसायची. एरवी मी तिला वहिनीच म्हणते.

गळीत हंगामातल्या एका धुक्याच्या सकाळी तो कंपनीतून घरी येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, ती त्याला दिसली नाही. मागं राहिल्या तिघी: आत्या, वहिनी आणि दुसरीत शिकणारी मुलगी. आत्याचे यजमान आधीच गेले होते.

आमच्याकडं दुखवट्याला आलेल्या माणसाला 'तुम्ही कोण, कुणाच्या' असं विचारत नाहीत. विचारलं तर दारातून हाकलल्यासारखं होतं. बाई येते, पदर तोंडाला लावून हेल काढते, घरातली तिच्या गळ्यात पडते आणि गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य रडण्यातून बाहेर येतं. आत्याही तशीच रडली. "आता मला 'ए म्हातारे' कोन म्हनंल रं? बाह्या दुमडून दारात कोन हुबं ऱ्हाईल?" आईला 'ए म्हातारे' म्हणायची त्याची खोड सगळ्या गावाला माहीत होती, आता पाहुण्यांनाही झाली. उरलंसुरलं दशक्रियेला नदीकाठी माईकवरून सांगून झालं. प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. त्याला कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या एका पुढाऱ्यानं त्याच्या बालपणच्या खोड्या सांगून लोकांना रडवलं.

दुखवट्याला आलेल्या बायकांत एक पांढऱ्या साडीतली होती. बारीक जांभळा काठ, कपाळाला बुक्का. आत्याला सगळ्यांत घट्ट तिनं धरलं होतं. मला वाटलं वहिनीच्या माहेरची असेल. वहिनीला वाटलं आमच्याकडची असेल.

तीच बाई नंतर दोनतीनदा येऊन बसली, आत्याचे पाय चेपले, आणि एका गुरुवारी तिला मठात घेऊन गेली. आम्हाला बरं वाटलं. घरात भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा चार माणसांत गेली तर काय वाईट, असं माझे वडील, आबा, तेही म्हणाले.

मी सुट्टी काढून एकदा सोबत गेले. महाराज चाळिशीचे असतील. सडपातळ म्हणता येणार नाही, खाऊनपिऊन सुखी. आवाज मात्र असा की बाईनं हातातलं काम सोडावं. बाकीचे महाराज पाय पुढं करतात, हा खाली वाकून म्हाताऱ्यांच्या पायांना हात लावत होता. ज्या बाईला आयुष्यात कुणी 'जेवलीस का' विचारलं नाही, तिच्या पायावर पाचशे माणसांदेखत एक देखणा पुरुष डोकं ठेवतो. नंतर तो सांगेल ते ती कशी नाकारणार? माझ्या आत्यासमोर तो आला, वाकला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "ए म्हातारे, रडू नगंस. मी हाय की."

आत्यानं मान वर केली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा त्या चेहऱ्यात जीव आला होता. मी मात्र याला 'ए म्हातारे' कुणी सांगितलं, ते शोधत आजूबाजूला बघायला लागले.

पुढं सगळं हळूहळू होत गेलं. आधी नुसता गुरुवार, मग सोमवारही. मग सेवा. सत्तरीकडं झुकलेली माझी आत्या मठातल्या गायींचं शेण काढायची, भंडाऱ्याच्या भाकरी थापायची, आणि घरी यायची ती हात काळेनिळे करून, पण खूश. मग तिनं घरची राहिलेली मेंढरं मठाला देऊन टाकली. मग मठातलं घरी बोलायचं नाही असं ठरलं. मग वहिनीच्या हातचं खायचं नाही असं. आजचं मागणं कालच्यापेक्षा बोटभरच मोठं असायचं, त्यामुळं नक्की कुठं अडवावं ते कुणाला कळत नव्हतं. आणि सोडून जायचं म्हटलं तर भीती तयारच होती: मुलाचा आत्मा महाराजांच्या आधारानं टेकलाय, आई फिरली तर तो भटकेल.

सगळ्यात शेवटी दोष आला. पोरगा असा ऐन उमेदीत का गेला? घरात कुणाचा तरी पायगुण असणार. नाव कुणी घेतलं नाही, घ्यायची गरजच नव्हती. घरात दुसरी होती कोण? आत्या सुनेशी बोलेनाशी झाली. "सूनबाई, पानी ठेव," एवढंच, तेही दुसरीकडं बघत.

वहिनीनं त्याचा एक शर्ट ठेवून घेतला होता. गेलेल्याचे कपडे आम्ही ठेवत नाही, पण कंपनीचा निळा शर्ट तिनं कुणाला दिला नाही. रानात जाताना आमच्या बायका साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतात, उसाचं पातं कापू नये, ऊन लागू नये म्हणून. ती तोच घालून कांद्यात खुरपत बसायची. दुसरा एक चौकटीचा शर्ट आत्यानं मठात नेऊन दिला. महाराजांनी मागितला होता.

पुढच्या एका गुरुवारी मी पुन्हा गेले, आणि महाराज तो चौकटीचा शर्ट घालून बाहेर आले. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बटणं पोटावर ताणली होती. बायका हुंदके द्यायला लागल्या. आत्या उठली आणि त्या शर्टाच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली.

मला तिथल्या तिथं कोकरू आठवलं.

लहानपणी उन्हाळ्यात मी आत्याच्या मेंढरांच्या तळावर राहायला जायचे. मेंढी दुसरीचं कोकरू पाजत नाही. हुंगते, आणि वास वेगळा आला की ढुशी मारून उडवते. एखादीचं कोकरू मेलं आणि त्याच वेळी दुसरं एखादं पोरकं झालं, तर आत्या मेलेल्याचं कातडं काढून पोरक्याच्या पाठीवर बांधायची. मेंढी येऊन हुंगायची, घोटाळायची, आणि मग पान्हा सोडायची. चार दिवसांनी कातडं काढून टाकलं तरी ती त्याला आपलंच म्हणायची. हे काम आत्यासारखं कुणाला जमत नव्हतं. लांबलांबचे मेंढके तिला बोलवायला यायचे.

मी मठातून निघाले ते दात खात. हा माणूस माझ्या आतेभावाचं कातडं पांघरून माझ्या आत्याला पीत होता. दुसरा शब्द मला तेव्हाही सुचला नाही आणि आजही सुचत नाही.

महाराजांना 'म्हातारे' आणि दुमडलेल्या बाह्या कुणी सांगितल्या, याचं उत्तर मला माझ्याच गाडीत मिळालं. पांढऱ्या साडीतली बाई न्हावऱ्याला चढली. मी सहज विचारलं, "कुठं निघालात?" म्हणाली, "पाव्हन्यात मानूस गेलं." पुढच्या आठवड्यात पुन्हा चढली, वेगळ्या गावाला. पुन्हा पाहुण्यातच माणूस गेलं होतं. एवढे पाहुणे कुणाचे मरतात? दशक्रियेचा बोर्ड लागला की बाई अर्ध्या तिकिटात हजर. रडणाऱ्यांत बसायचं, गळ्यात पडायचं, आणि ऐकायचं. आमच्यात कुणी विचारत नाही, त्यावर तिचं सगळं चाललं होतं.

मी म्हटलं, ठीक आहे. तू ऐकायला येतेस ना, मग मीच ऐकवते.

एकदा गाडी रिकामी होती. ती स्वतःहून म्हणाली, "तुमची आत्या लई गुणाची बाई." मी तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवलं, पदर डोळ्याला लावला आणि सांगितलं, "कसली गुणाची, पोरामागं येडी झाली. त्येला धारोष्ण दूध लागायचं. मरायच्या दिवसापत्तुर गायीखाली तांब्या घेऊन बसायचा." खरी गोष्ट अशी की दूध बघितलं तरी त्याला उमासे यायचे. दुभत्या घरात जन्मून हा कोरा चहा प्यायचा, यावरून आम्ही त्याला आयुष्यभर छळलं होतं.

त्या गुरुवारी मी आत्याच्या शेजारी मांडी ठोकून बसले. महाराज आले, वाकले आणि म्हणाले, "ए म्हातारे, धारोष्ण दुधाचा तांब्या दे की. तिकडं कोन देतंय मला?"

माळ ओढणारा आत्याचा हात थांबला. मी तिच्याकडं बघत होते. तिला कळलं, मला दिसलं तिला कळलेलं. मी मनात म्हटलं, संपलं बाबा तुझं दुकान. घरी येताना आम्ही चौफुल्याला उतरलो, आत्यानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "तिकडं गेल्यावर आवडाया लागलं आसंल."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतकी चतुर बाई, आणि पुरावा हातात देऊनही तिनं तो असा गुंडाळून ठेवला. रात्रभर मी तिच्यावर चिडलेली होते. सकाळी राग उतरल्यावर डोक्यात प्रकाश पडला. खोटं ओळखू येत नाही म्हणून आत्या तिथं जात होती, असं नव्हतंच. त्यामुळं खोटं उघडं पाडून काही होणार नव्हतं. दुसरं काय करायचं ते मात्र मला सुचत नव्हतं.

कांदा काढणीला आला तेव्हा मठाचा हुकूम सुटला. निळा शर्ट मठात आणा, पोराचा जीव त्यात अडकलाय. आणि जिनं तो अंगावर वापरला तिला लेकीसकट माहेरी पाठवा, त्याशिवाय घराची पीडा टळणार नाही. वहिनीच्या माहेरी आईवडील नव्हते. एक भाऊ होता, त्याच्या दोन खोल्यांत त्याचाच संसार मावत नव्हता. वहिनीनं मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "उद्याच्याला येता का?"

मी पोचले तेव्हा बांधावर जीप उभी होती. पांढऱ्या साडीतली बाई सावलीत बसून होती. आत्या रानात चालली होती, मी तिच्या मागं. वहिनी कांदे काढत होती, अंगात निळा शर्ट. मुलगी बाजूला पाती खुडत बसली होती.

"सूनबाई, शर्ट दे त्यो," आत्या म्हणाली.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. वहिनी भांडली नाही. उभी राहिली, हाताची माती झटकली, एकेक बटण काढलं आणि शर्ट आत्याच्या हातात दिला. "घ्या, आत्याबाई. पन त्येंचा वास न्हाई ऱ्हायला ह्यात. धुतला की मी. आता माझ्याच घामाचा हाय."

माझा मात्र तोल सुटला. "आत्या, मेलेल्याचं कातडं जित्याला बांधायचं तुझ्याकडनंच शिकली माणसं. तुला कळत न्हाई व्हय, तुझ्या म्होरं कोन हुबं ऱ्हातंय ते?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"कळतंय की," ती म्हणाली. "मेंढीला बी कळतं, पोरी. पयल्यांदा हुंगलं की कळतं तिला. पन कास दुधानं तटतटली की सड ठणकत्यात. मग कुनी का पीना."

मला रडू आलं. वर्षभर मी तिला फसलेली समजत होते, आणि ती पहिल्या दिवसापासून डोळे उघडे ठेवून जात होती. तिच्यापाशी माया होती आणि ती घ्यायला कुणी उरलं नव्हतं, असं तिला वाटत होतं. मठानं तेवढंच हेरलं होतं.

ती शर्ट हातात घेऊन उभी राहिली. मग कॉलर नाकाशी नेली. बराच वेळ हुंगत होती. वहिनी ब्लाउजवर पदर ओढून उन्हात उभी, मुलगी उठून तिच्या पायाला येऊन चिकटलेली. आत्या एकदम मला म्हणाली, "आपुन कातडं कुनासाठी बांधायचो गं?"

मी डोळे पुसत म्हटलं, "पोरक्यासाठी."

"व्हय. पोरकं उपाशी मरू ने म्हनून." ती जीपकडं बघायला लागली. "मग त्यो कुठं पोरका हाय? त्येच्या पोटावर बटनं लागत न्हाईत."

मला हसू फुटलं, नाकातून पाणी येईपर्यंत. आत्या हसली नाही. ती सरीतून वहिनीकडं गेली, शर्ट झटकला, आणि लहान मुलाला घालावा तसा एकेक हात धरून तिच्या अंगात घातला. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. वहिनी ताठ उभी होती, तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. मुलगी विचारत होती, "आज्जी, आम्ही जायाचं का न्हाई?"

"कुठं जायाचं? कांदं कोन काढंल?" आत्या म्हणाली.

मग बांधावर जाऊन तिनं त्या बाईला सांगितलं, "म्हाराजांना सांगा, म्हातारी येत न्हाई. घरातलीच उपाशी हायेत." बाईनं आत्मा भटकेल म्हणून डोळे मोठे केले. आत्या म्हणाली, "भटकला तर घराकडंच यील. त्येला वाट म्हाईत हाय."

हे एका दुपारी झालं, पण तेवढ्यावर संपलं नाही. मठातून निरोप येत राहिले, कधी गोड, कधी धमकीचे. गुरुवार आला की आत्या सैरभैर व्हायची, चपला घालून अंगणात फेऱ्या मारायची. एकदा मुलीला ताप आला तर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, आपण मठ सोडला त्यामुळंच आला म्हणून. वहिनीनं पोरीला तिच्याच मांडीवर दिलं आणि दोघींना डॉक्टरकडं नेलं. दिलेली मेंढरं परत आली नाहीत आणि चौकटीचा शर्टही नाही. मी भांडून आणते म्हटलं, आत्या नको म्हणाली.

महाराजांचे गुरुवार अजून चालू आहेत, मी नाही म्हणत नाही. पण पांढऱ्या साडीतली बाई माझ्या गाडीत चढली की मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "आज कोन गेलं तुमचं? काय लागत होता तुमचा?" बायका माना वळवून बघायला लागतात. हल्ली ती दुसऱ्या गाडीनं जाते म्हणे. आणि आमच्या घराण्यात दुखवटा असला की दाराशी मी बसते. आलेल्या प्रत्येक बाईला पाणी देते आणि विचारते, "कुनाच्या तुम्ही?" म्हाताऱ्या नावं ठेवतात. ठेवू देत.

निळा शर्ट पुढच्या कांद्यापर्यंत टिकला नाही. पाठीवर विरला, खिसा लोंबायला लागला. मला वाटलं आत्या तो पेटीत जपून ठेवील. तिनं त्याच्या चिंध्या करून चुलीपाशी हात पुसायला घेतल्या आणि यवतच्या बाजारातून नवा शर्ट आणला. पुरुषीच, फुल बाह्यांचा, हिरवा. त्या दिवशी मी तिथंच होते. वहिनीनं तो साडीवर चढवला तर बाह्या बोटांच्या खाली आल्या. आत्यानं त्या घडीवर घडी घालून कोपरापर्यंत दुमडल्या, दोन पावलं मागं सरून बघितलं आणि विळा उचलला.

तोवर आत्या वहिनीला सूनबाईच म्हणायची.

"ए पोरी," ती म्हणाली, "चल, ऊन व्हायच्या आत जाऊ."